गव्हाणीचा जमाखर्च



घरखर्चाची वही न ठेवणारा मनुष्यदेखील महिनाअखेर किती पैसे आले आणि किती गेले याचा अंदाज मनाशी बांधतोच. गोठ्यातील गव्हाणीचा जमाखर्च मांडणारी घरे मात्र फार थोडी असतात. गाय सकाळी किती दूध देते आणि सायंकाळी किती, हे घरातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु त्या दुधासाठी तिच्या पोटात काय गेले असे विचारले, तर उत्तर मिळते ते पाट्यांत आणि भाऱ्यांत. दोन पाट्या भुसा, एक भारा हिरवा चारा, दोन मापे भरडा. गव्हाण भरली, जनावर रवंथ करू लागले की मालकाचे समाधान होते. गाईचे पोट भरले यात संशय नसतो. पण पोट भरणे आणि गरज भागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंतील अंतर किती मोठे असू शकते, ते साध्या बेरीज-वजाबाकीने कसे मोजावे आणि कसे भरून काढावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाचा पहिला धडा इंदूरकरांना दूर शोधावा लागत नाही. इ. स. १९२४ साली इंदूर येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संशोधन संस्था स्थापन झाली. आल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक होते आणि १९३१ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. त्यांच्या बरोबरीने रसायनाची बाजू पाहणारे सहकारी होते यशवंत वाड. शेतातील काडीकचरा, जनावरांचे शेण आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती यांपासून उत्तम खत करण्याची जी पद्धत या दोघांनी सिद्ध केली, ती पुढे ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला.

कचरा कुजवून खत करणे ही काही नवी गोष्ट नव्हती. इंदूरच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते ते प्रमाणात. कपाशीच्या पऱ्हाट्या, काडी, पालापाचोळा यांत कर्ब विपुल असतो, पण नत्र अत्यल्प. शेणामुतात नत्र असते. नुसती काडी रचून ठेवली तर ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते, कारण ती कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना स्वतःचे शरीर घडविण्यापुरते नत्रच मिळत नाही. म्हणून आरंभीच्या मिश्रणात नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे ३३ भाग असावेत, असे प्रमाण धरले गेले. ते जमले, ओलावा आणि हवा मिळाली, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. ढीग तोच, कचरा तोच. फरक पडे तो प्रमाणाने.

आता गाईच्या पोटाकडे वळावे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा, ज्याला कोठीपोट म्हणतात, तो एका अर्थी असाच एक ढीग आहे. भेद इतकाच की तो ऊबदार, पाण्याने भरलेला आणि हवा नसलेला असतो. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. मनुष्याच्या पोटात गेलेली गव्हाची काडी निरुपयोगी ठरते. गाईच्या पोटात हे जीव त्याच काडीचे विघटन करतात, त्यातून गाईला शक्ती मिळते, आणि पुढील कप्प्यांत गेल्यावर हे जीव स्वतःच पचून गाईला प्रथिने पुरवितात. तात्पर्य, आपण गाईला चारा घालतो तेव्हा प्रथम या जीवांना जेवू घालतो. त्यांनाही नियम तोच लागू आहे: नत्र कमी पडले की काडी नीट पचत नाही. पोट फुगलेले दिसते, शेण कोरडे पडते, आणि भुशाचे मोल शेणावाटे उकिरड्यावर जाते.

मग चाऱ्यातील नत्र मोजावयाचे कसे? डेन्मार्कमधील योहान केल्डाल या रसायनज्ञाने १८८३ साली त्याची रीत प्रसिद्ध केली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. प्रथिनांत साधारणतः १६ टक्के नत्र असते. म्हणून नत्राच्या आकड्यास सव्वासहाने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो. पशुखाद्याच्या पोत्यावर छापलेली प्रथिनांची टक्केवारी याच हिशेबाने आलेली असते. दुसरे मोजमाप आहे ते शक्तीचे. खाद्यातील जो भाग पचून अंगी लागतो, त्याला ‘एकूण पचनीय घटक’ असे म्हणतात. प्रथिने आणि पचनीय घटक हे गव्हाणीच्या वहीतील दोन मुख्य रकाने होत. तिसरा रकाना खनिजांचा. त्याकडे नंतर येऊ.

प्रत्यक्ष उदाहरण घेतल्यावाचून ही गोष्ट मनात ठसणार नाही. सांवेरच्या बाजूस एका शेतकऱ्याकडे एक संकरित गाय आहे आणि ती दिवसाला आठ किलो दूध देते, असे समजा. पहिला प्रश्न: गाईचे वजन किती? गोठ्यात वजनकाटा नसतो, पण शिंप्याची फीत असते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत मोजावा. खांद्याच्या पुढील टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्यास लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ६८ इंच आणि लांबी ५८ इंच असेल, तर उत्तर येते ४०६. म्हणजे गाय सुमारे ४०० किलोची आहे.

दुसरा प्रश्न: तिची गरज किती? केवळ जिवंत राहण्यासाठी, श्वास, रक्ताभिसरण आणि शरीराची झीज यांसाठी, ४०० किलोच्या गाईस रोज सुमारे ३२० ग्रॅम प्रथिने आणि ३.१ किलो पचनीय घटक लागतात. याखेरीज चार टक्के स्निग्धांशाच्या प्रत्येक किलो दुधासाठी सुमारे ९० ग्रॅम प्रथिने आणि ०.३२ किलो पचनीय घटक लागतात. आठ किलो दुधाचे झाले ७२० ग्रॅम आणि २.५६ किलो. बेरीज केली तर रोजची गरज निघते १,०४० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ५.७ किलो पचनीय घटक. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक, म्हणून तिची प्रत्येक किलोमागील गरजही अधिक.

तिसरा प्रश्न: गव्हाणीत पडते काय? हा शेतकरी कंजूष नाही. तो सात किलो गव्हाचा भुसा, दहा किलो हिरवा मका आणि दोन किलो मक्याचा भरडा घालतो. भुशात प्रथिने जेमतेम तीन टक्के. सात किलोत २१० ग्रॅम. हिरव्या मक्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. दहा किलोत प्रथिने १८० ग्रॅम. भरड्यात नऊ टक्के; दोन किलोत १८० ग्रॅम. एकूण ५७० ग्रॅम. आता पचनीय घटक पाहा. भुशातून २.८ किलो, हिरव्या मक्यातून १.३५ किलो, भरड्यातून दीड किलो, एकूण ५.६५ किलो.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. शक्तीच्या रकान्यात गरज ५.७ आणि पुरवठा ५.६५, तूट जवळजवळ नाहीच. प्रथिनांच्या रकान्यात मात्र गरज १,०४० आणि पुरवठा ५७०. तूट ४७० ग्रॅमची. गव्हाण भरलेली आहे, गाय पोटभर खात आहे, आणि तरीही एका बाबतीत ती निम्म्याच्या जवळपास उपाशी आहे. ५७० ग्रॅमांतून देहरक्षणाचे ३२० वजा केले तर उरतात २५०. त्यांत पावणेतीन किलोंच्या आसपास दूध होते. उरलेल्या पाच किलोंसाठी प्रथिने कोठून यावयाची? विल्यानंतर काही काळ गाय ती आपल्या अंगच्या मांसातून काढून देते. मग ती खंगू लागते, दूध उतरते, माजावर येणे लांबते, वासरांमधील अंतर वाढते. मालक म्हणतो, गाय वाईट निघाली. आणि तिला बाजार दाखवितो. दोष गाईचा नसून वहीतील एका रकान्याचा होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ही चूक अडाणीपणाची आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. माळव्याची मूळची जात म्हणजे माळवी गाय. तिची कीर्ती बैलांसाठी. काळ्या जमिनीत नांगर आणि चिखलवाटेत गाडी ओढण्याच्या ताकदीसाठी. दूध थोडे. दोन-अडीच किलो दूध देणाऱ्या, अंगानेही लहान अशा गाईला वर सांगितलेली गव्हाण पुरून उरेल. पूर्वजांनी जे प्रमाण घालून दिले ते त्यांच्या जनावराला योग्यच होते. पुढे गोठ्यात जनावर बदलले, दुधाची अपेक्षा तिप्पट झाली, पण हाताची सवय तीच राहिली. नव्या जनावरासाठी नवा हिशेब मांडावा लागतो, एवढेच राहून गेले.

आता दुरुस्ती. दोन किलो भरड्याऐवजी एक किलो भरडा ठेवावा आणि सव्वा किलो सोयाबीनची पेंड घालावी. तेल काढलेल्या या पेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिने असतात. सव्वा किलोत ५६२ ग्रॅम. भरड्याचे ९०, भुशाचे २१० आणि हिरव्या मक्याचे १८०. बेरीज १,०४२ ग्रॅम. पचनीय घटकांची बेरीज होते सुमारे ५.८ किलो. दोन्ही रकाने जुळले. आंबोणाचे वजन वाढले ते अवघे पाव किलो. गव्हाण पूर्वीइतकीच भरलेली दिसेल. फरक डोळ्यांना दिसणार नाही, तो चरवीत दिसेल. जेथे बरसीम किंवा लसूण घास पिकतो तेथे पेंड आणखी कमी लागेल, कारण या द्विदल चाऱ्यांत प्रथिने पुष्कळ असतात.

येथे एक विरोधाभास ध्यानात येतो. ज्या पेंडीची ही गाय वाट पाहत आहे, ती इंदूरच्या दाराशी आहे. १९७० नंतरच्या काळात माळव्यात सोयाबीनचा प्रसार झाला. मध्य प्रदेश हे सोयाबीनचे प्रमुख राज्य बनले. १९८७ साली सोयाबीनच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र इंदूरलाच स्थापन झाले. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल. गिरणीत तेल निघते आणि वजनाने त्याच्या चौपटीहून अधिक पेंड मागे राहते. या पेंडीचा मोठा वाटा देशोदेशींच्या कोंबड्यांना आणि डुकरांना पोसण्यासाठी बाहेर जात आला आहे. निर्यातीला दोष देण्याचे कारण नाही. शेतकऱ्याला त्यातून दाम मिळतो. परंतु सोयाबीन पिकविणाऱ्याच्या स्वतःच्या गोठ्यात गाय प्रथिनांवाचून राहावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

‘पेंड महाग पडते’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्याचेही उत्तर भागाकारात आहे. इंदूरच्या बाजारात जिला कपास्या खली म्हणतात, त्या सरकीच्या पेंडीत, टरफल न काढलेली असल्यास, सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. समजा, ती ३० रुपये किलो आहे आणि सोयाबीनची पेंड ४५ रुपये किलो. भावाच्या पाटीवर सरकीची पेंड स्वस्त दिसते. पण एक किलो प्रथिने विकत घ्यावयाची म्हटली, तर सरकीतून ती सुमारे १३६ रुपयांना पडतात आणि सोयाबीनमधून १०० रुपयांना. भाव रोज बदलतात. रीत बदलत नाही. किलोच्या भावाला प्रथिनांच्या टक्क्याने भागून शंभराने गुणावे आणि मग स्वस्त-महाग ठरवावे. सरकीच्या पेंडीत तेलाचा अंश राहिलेला असतो, तिचे ते मोलही हिशेबात घ्यावे. परंतु केवळ पोत्याचा भाव पाहून निर्णय करू नये.

घरीच आंबोण मिसळावयाचे असल्यास शाळेतील मिश्रणाचे गणित कामी येते. समजा, २० टक्के प्रथिनांचे मिश्रण हवे आहे आणि हाताशी नऊ टक्क्यांचा मका व ४५ टक्क्यांची पेंड आहे. एक चौकोन काढावा. मध्यभागी २० लिहावे, डाव्या बाजूस वर ९ आणि खाली ४५. मग तिरकस वजाबाकी करावी. ४५ मधून २० गेले, राहिले २५. हे झाले मक्याचे भाग. २० मधून ९ गेले, राहिले ११. हे झाले पेंडीचे भाग. एकूण ३६ भागांत २५ मका आणि ११ पेंड, म्हणजे शेकडा सुमारे साडेएकोणसत्तर आणि साडेतीस. सहावी-सातवीतील मुलगा हे गणित सोडवू शकतो. आणि ज्या उदाहरणाचे उत्तर दुसऱ्या दिवशी गोठ्यात पडताळून पाहता येते, ते तो सहसा विसरत नाही. शंभर किलो मिश्रणात दोन किलो खनिज मिश्रण आणि एक किलो मीठ घालण्याचा परिपाठ आहे. तेवढे धान्य आणि पेंड त्याच प्रमाणात कमी करावे.

खनिजांचा रकाना येथेच पुरा करू. वरील गाईस रोज सुमारे ४० ग्रॅम चुनखडीतत्त्व, म्हणजे कॅल्शियम, आणि २७ ग्रॅम स्फुरद लागते. भुशात दोन्ही अपुरी. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर, पण कॅल्शियम अल्प. यास्तव कोंडा घातला म्हणजे सर्व आले, असे समजू नये. पाणी हेदेखील खाद्यच मानावे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते.

काही इशारे दिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पहिला, आहारातील कोणताही बदल आठ-पंधरा दिवसांत थोडा थोडा करावा. कोठीपोटातील जीवांना नव्या खाद्याशी जुळवून घेण्यास अवधी लागतो. एकाएकी पुष्कळ धान्य घातल्यास पोटात आम्लता होऊन जनावर दगावू शकते. दुसरा, कच्चे सोयाबीन आणि पेंड यांत भेद करावा. कच्च्या दाण्यात पचनाला अडथळा आणणारी द्रव्ये असतात, ती उष्णतेने नाहीशी होतात. तिसरा, युरियाविषयी. शंभर किलो भुशावर चार किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवतात. तेणेकरून भुसा अधिक पचनीय आणि अधिक सकस होतो. हीदेखील काडीला नत्राची जोड देण्याचीच युक्ती आहे. परंतु ती जाणत्याच्या देखरेखीखाली करावी, असा भुसा लहान वासरांना देऊ नये, आणि युरिया कधीही पाण्यातून पाजू नये वा कच्च्या सोयाबीनबरोबर देऊ नये. त्यातून विषबाधा होते. केल्डालच्या परीक्षेत युरियाचे नत्रही प्रथिनांतच मोजले जाते, म्हणून अनोळखी पोत्यावरील मोठ्या आकड्याने भुलूनही जाऊ नये. चौथा, बुरशी लागलेली पेंड वा मका जनावरास घालू नये. त्या बुरशीचे विष दुधातून घरातील लेकरांपर्यंत पोचते.

हे सारे गणित एकट्याने मांडणे कोणास जड वाटल्यास तेही समजण्यासारखे आहे. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०११-१२ ते २०१८-१९ या काळात, गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती गोठ्यात पाठवून, जनावराच्या छातीचा घेर, दूध आणि घरचे खाद्य यांच्या नोंदी घेऊन, संगणकाच्या साहाय्याने कमीत कमी खर्चाचा संतुलित आहार काढून देण्याचा कार्यक्रम राबविला. संगणक जे करतो ते याहून निराळे नाही. तो हीच बेरीज अनेक खाद्यांची आणि अनेक रकान्यांची एका क्षणात करतो. पण त्याला आकडे पुरविण्यासाठी कोणीतरी फीत धरावी लागते आणि भुशाची पाटी एकदा तरी तराजूत घालावी लागते.

गाय आपली तक्रार बोलून दाखवीत नाही. ती खंगते, आटते, वांझ राहते आणि शेवटी विकली जाते. आणि तिच्याबरोबर एखाद्या घराच्या मुलांच्या फीचे आणि औषधपाण्याचे पैसेही जातात. हे टाळण्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एक फीत, एक तराजू, एक वही आणि आठवड्यातून अर्धा तास एवढ्यावर काम भागते. कचऱ्याच्या ढिगात काय आणि किती घालावे हे मोजून पाहिल्यामुळे इंदूरचे नाव जगाच्या शेतीत कोरले गेले. तीच मोजण्याची सवय माळव्याच्या गव्हाणीपर्यंत पोचावी, एवढीच अपेक्षा.